पुकारा

माझ्याकडून कोणी कसलीही सही घेतलेली नाही, म्हणून हे मी सांगणार आहे. प्रफुल्लला सांगता येत नाही. शिरीषला तर त्याच्याही आधीपासून येत नाही. दोघेही शब्दाचे पक्के, आणि त्या पक्केपणानेच दोघांचं वाटोळं केलं, असं माझं मत आहे. माझ्या मताला आमच्या ब्लॉकमध्ये फारशी किंमत नाही. सुरेखाताई जरा फटकळ आहेत असं सगळे म्हणतात आणि चहाला मात्र माझ्याचकडे येतात.

प्रफुल्ल रामटेके माझ्याच मजल्यावर, दोन दारं सोडून राहतो. देश सोडून इथे पुंगोलला राहायला आले तेव्हा ओळख करून घ्यायला पहिला तोच आला. ओळख कसली, तक्रारच होती. दारात उभा राहून म्हणाला, "ताई, तुमचं हे बाहेरचं चपलांचं कपाट भिंतीला आणखी चिकटवा. धूर झाला तर म्हातारं माणूस यालाच अडखळेल." मी म्हटलं, या मजल्यावर म्हातारी मीच आहे आणि माझं कपाट मला ठाऊक आहे. तो हसला नाही. बाह्या सरसावल्या, कपाट स्वतःच सरकवलं, हात झटकले आणि मग नाव सांगितलं. हा माणूस घरी आला तरी आधी गॅसची नळी बघतो. लग्नाच्या हॉलमध्ये गेला तर वधूवरांच्या आधी बाहेर जायचा दरवाजा शोधतो. जान्हवी, त्याची बायको, म्हणते, "आमच्या पहिल्या भेटीत यांनी मला हॉटेलातला अग्निशामक दाखवला होता, तरी मी हो म्हटलं."

तो जुरोंग आयलंडवर एका रसायनांच्या कारखान्यात सेफ्टी इंजिनियर होता. कंपनीचं नाव मी घेत नाही, ती हौस मला नाही. प्रफुल्ल मूळचा नागपूरचा. त्याचे वडील मधुकरराव तिथल्या जिल्हा न्यायालयात पट्टेवाले होते. खटला उभा राहिला की दारात येऊन पक्षकाराच्या नावाचा पुकारा करायचा, हे त्यांचं काम. प्रफुल्ल त्यांची नक्कल फार छान करायचा. छाती भरून घ्यायचा, हनुवटी वर करायचा आणि "अमुक तमुक हाजिर हैऽऽ" अशी हाळी द्यायचा की अवनी, त्याची लेक, कानांवर हात ठेवून ओरडायची, "पप्पा, नेबर्स विल कम्प्लेन लाह!"

पण त्याच मधुकररावांनी पोराला एक गोष्ट बजावून ठेवली होती. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. आपल्याकडे हे कोण सांगत नाही? पण त्यांनी ते रोज डोळ्यांनी पाहिलं होतं. बांधाच्या भांडणात आजोबाच्या नावाचा पुकारा त्यांनी केला, पुढे बापाच्या नावाचा केला, आणि निवृत्त व्हायच्या सुमारास नातवाच्या नावाचा. एवढं बघितलेल्या माणसाचा शब्द पोरगा मोडणार थोडाच.

शिरीष दामले पुण्याचा, प्रफुल्लपेक्षा चारपाच वर्षांनी मोठा, त्याच कंपनीत त्याच कामावर. राहायला आमच्याच वसाहतीत, पलीकडच्या ब्लॉकमध्ये. दोघांनी कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसून कितीतरी वर्षं काढली. शिरीषच्या डब्यात उपासाची खिचडी असली की प्रफुल्लच्या डब्यातला पाटवडीचा रस्सा तसाच झाकून परत यायचा, कारण मित्र उपाशी असताना तर्रीचा वास सोडणं त्याला बरं वाटायचं नाही. शिरीषच्या घरी गणपती बसला की प्रफुल्ल आरतीला हात जोडायचा नाही, पण मखराच्या दिव्यांची वायर मात्र तोच तपासून द्यायचा. आणि प्रफुल्ल आणि त्याची मंडळी चौदा एप्रिलला फंक्शन रूम घेऊन जयंती करायची तेव्हा शिरीष पहिल्या रांगेत असायचा. प्रफुल्ल दरवर्षी बोलायचा. हक्क मागून मिळत नाहीत, माहीत करून घ्यावे लागतात, असं काहीतरी. मी दरवर्षी ऐकायचे आणि दरवर्षी मला पटायचं.

हे भाषण करणाऱ्या माणसाने ती सही केली.

झालं असं की दोघांना बढती मिळाली तेव्हा कंपनीने नव्या कराराचा मजकूर टॅबलेटवर समोर धरला. बोटाने सही करायची. त्यात एक कलम होतं की कंपनीशी कसलाही वाद झाला तर कोर्टात जायचं नाही, तो एका खासगी लवादापुढे बंद दाराआड मिटवायचा, आणि तिथे काय झालं ते बाहेर कोणाला सांगायचं नाही. लवाद कोणत्या यादीतून घ्यायचा तेही कंपनीनेच लिहिलेलं. सही केली नाही तर बढती नाही. प्रफुल्लने ते वाचलं नाही असं नाही. नीट वाचलं, आणि त्याला आनंद झाला! संध्याकाळी मला म्हणाला, "ताई, बाबा जे सांगत होते ते कंपनीनेच लिहून दिलं. कोर्टाची पायरीच नको." शिरीषही बसमध्ये तेच म्हणाला होता म्हणे. चार भिंतींच्या आत मिटतंय, चव्हाट्यावर काही नाही, आणखी काय हवं माणसाला.

मला या म्हणीचाच राग येतो. शहाण्याने पायरी चढू नये, ठीक आहे. पण पायरीच काढून नेतो म्हणणाऱ्याला धन्यवाद द्यावेत असं कुठे सांगितलंय? चढायची नसली तरी पायरी असावी लागते. समोरच्याला दिसावी लागते. हे मी तेव्हाच बोलले असते तर शहाणी ठरले असते, पण तेव्हा मलाही त्यात वावगं वाटलं नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांनी शिरीषने नोकरी सोडली. आम्हाला सांगितलं, स्वतःची कन्सल्टन्सी काढतोय. घरी सत्यनारायण घातला. आम्ही सगळे गेलो, तीर्थप्रसाद घेतला, राधिकाने, म्हणजे त्याच्या बायकोने, निघताना प्रत्येकाच्या हातात पेढ्यांचा डबा दिला. तिचे डोळे सुजलेले होते. मी विचारलं तर म्हणाली, होमाचा धूर. सत्यनारायणाला कसला आलाय होम? पण प्रसादाचा शिरा इतका उत्तम झाला होता की मी पुढे काही विचारलं नाही. प्रफुल्ल त्या दिवशी सगळ्यांत खूश होता. बसमधली शेजारची जागा रिकामी होणार याचं वाईट वाटत असूनही खूश. "याने हिंमत केली," असं तो चार जणांना सांगत होता.

आता प्रफुल्लचं.

कारखान्यात टाकीजवळ वेल्डिंग करायचं असेल तर आधी आत वायू साचलाय का ते मोजायचं, आणि मगच सेफ्टी इंजिनियरने परमिटवर सही करायची. सही झाल्याशिवाय ठिणगी पडता कामा नये. हे मला प्रफुल्लनेच इतक्यांदा समजावलंय की उद्या मला कामावर घेतलं तरी चालेल. एका दिवशी कामाला उशीर होत होता, कंत्राटदाराची माणसं हातात वेल्डिंगची टॉर्च घेऊन उभी होती, आणि मॅनेजर म्हणाला, सही आत्ता कर, मोजणी होत राहील. प्रफुल्ल नाही म्हणाला. मॅनेजरने गोडीत सांगितलं, मग आवाज चढवून सांगितलं. प्रफुल्ल नाहीच म्हणाला. मोजणी झाली, काम उशिरा सुरू झालं, कोणाला काही झालं नाही. काही झालं नाही हाच घोळ. काही झालं असतं तर याला हार घातले असते.

त्यानंतर प्रफुल्लच्या कामात चुका सापडायला लागल्या. अहवाल उशिरा येतात, टीमशी जुळवून घेत नाही, दृष्टिकोन नकारात्मक. सहा महिन्यांनी त्याला एका खोलीत बोलावून कामावरून कमी केलं. कारण लिहिलं, काम समाधानकारक नाही. पुढे कोणी चौकशी केली तर हेच सांगणार.

त्याला पैसे नको होते, हे मी मुद्दाम सांगते, कारण लोकांना तसं वाटतं. त्याला एवढंच हवं होतं की खरं कारण लिहा. मी सही केली नाही म्हणून मला काढलं, एवढं एक वाक्य. सेफ्टीवाल्याच्या नावापुढे 'काम समाधानकारक नाही' असं लागलं की पुन्हा त्याला कुठल्या कारखान्यात कोण उभं करणार? त्याने आयुष्यात एकच काम जीव लावून केलं होतं, आणि त्याच कामात तो कच्चा होता असं आता कागद सांगणार होता.

एच. आर. ने सांगितलं, तक्रार असेल तर कराराप्रमाणे लवादाकडे जा, दुसरीकडे कुठे जाता येणार नाही. तो लवादाच्या तयारीला लागला. बऱ्याच दिवसांनी कम्युनिटी क्लबमध्ये फुकट कायदा सल्ला देणाऱ्या एका वकीलबाईंनी त्याला सांगितलं की अहो, करारात काहीही लिहिलेलं असो, अन्यायाने काढलं म्हणून सरकारी दारात दाद मागता आली असती, फक्त महिन्याच्या आत जायला हवं होतं. महिना कधीच उलटून गेला होता. वरातीमागून घोडं. त्या रात्री जेवताना अवनी म्हणाली, "पप्पा, यू साइन ऑलरेडी, व्हॉट कॅन डू?" पोरीच्या मनात काही वाईट नव्हतं. तो ताटावरून उठला.

लवादापुढे जाण्याआधी त्याच्या वकिलाने विचारलं, "असं आणखी कोणाबरोबर झालंय का? एकट्याचं असेल तर तुमचा आणि मॅनेजरचा खटका उडाला म्हणतील. दोघांचं असेल तर ती कंपनीची पद्धत ठरते." प्रफुल्लला एकच नाव आठवलं. तो जान्हवीला घेऊन शिरीषच्या घरी गेला.

हे मला जान्हवीने सांगितलं. प्रफुल्लने सगळी हकिकत मांडली आणि सरळ विचारलं, "शिरीष, तू होतास तेव्हा तुझ्यावर कधी असा दबाव आला का? मोजणीच्या आधी सही कर म्हणून?" राधिका चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली होती, ती तिथेच थांबली. शिरीषने भिंतीकडे पाहिलं.

"नाही रे," तो म्हणाला. "असं काही नाही."

"तू सोडलंस ते…"

"ते कन्सल्टन्सीसाठी. तुला माहीतच आहे."

राधिकाने ट्रे ठेवला, साखर बरोबर आहे का विचारलं, आणि आत निघून गेली. पुन्हा बाहेर आली नाही. येताना लिफ्टमध्ये प्रफुल्ल जान्हवीला म्हणाला, "चला, म्हणजे माझ्याच बाबतीत झालं. मीच कुठेतरी चुकलो असेन." जान्हवी म्हणते, यांनी स्वतःवर संशय घेतला तो त्या लिफ्टमध्ये, पहिल्यांदा.

लवादापुढचं काय झालं ते प्रफुल्लने मला कधी सांगितलं नाही, विचारलं तरी हवापाण्यावर बोलतो. जे कळलं ते जान्हवीकडून. हॉटेलसारखी खोली होती. गालिचा, काचेच्या बाटल्यांत पाणी, बशीत बिस्किटं. सगळे अतिशय नम्र. लवादाने विचारलं, अशी दुसरी एखादी घटना तुम्हाला माहीत आहे का? कंपनीच्या वकिलाने सांगितलं, अशी दुसरी कोणतीही तक्रार कोणत्याही न्यायालयात नोंदलेली नाही. ते खरंच होतं. नोंदणार कुठे? प्रफुल्लला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मला माहीत नाही." निकालात आलं की घटना एकट्यादुकट्याची आहे, कंपनीने अधिकाराबाहेर काही केलेलं नाही. आणि हे सगळं आपल्यातच राहील.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पण प्रफुल्लला लागलं होतं ते भलतंच. घरी येऊन बूट काढता काढता तो जान्हवीला म्हणाला, "तिथे कोणी पुकारा नाही केला. मुलीने दार उघडलं आणि हळूच म्हणाली, यू कॅन कम इन नाउ. बाबा पुकारा करायचे तर साऱ्या व्हरांड्याला कळायचं की आज या माणसाचं ऐकणार आहेत." मधुकररावांचा शब्द पाळून पोरगा जिथे जाऊन बसला, तिथे मधुकररावांचं कामच नव्हतं.

त्यानंतर त्याला पाया लेबारला एका मॉलमध्ये काम मिळालं. माझं ऑफिसही तिथेच, त्यामुळे जेवायच्या सुट्टीत दिसतो. सरकते जिने बघतो, ओल्या फरशीवर पिवळी पाटी ठेवतो, आगीच्या दारासमोर खोकी रचणाऱ्या दुकानदारांशी हुज्जत घालतो. मन लावून करतो. पण एकदा आम्ही फूड कोर्टमध्ये बसलो होतो तेव्हा टाकीत उतरायची शिडी कशी तपासतात हे तो मला सरबताच्या नळीने टेबलावर काढून दाखवत होता, मध्येच थांबला, आणि नळी ग्लासात परत ठेवली. मला इतकं वाईट वाटलं की मी उगाच त्याच्या नूडल्सना नावं ठेवली.

त्या वर्षी चौदा एप्रिलला तो बोलला नाही. अवनीने संविधानाची उद्देशिका वाचली. तो मागे दाराजवळ उभा होता.

पुढच्या संक्रांतीला मी काहीजणींना तिळगुळाला बोलावलं. जान्हवी होती, राधिकाही आली. कोणीतरी जान्हवीला विचारलं, "प्रफुल्लभाऊजी हल्ली मॉलमध्ये दिसतात, बदली झाली का?" आणि जान्हवी म्हणाली, "हो, जुरोंगचा प्रवास फार होत होता. आता जवळ आहे, घराला वेळ देता येतो."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "कशाला गं झाकतेस? काढून टाकलं त्याला. टाकीतला वायू न मोजता सही कर म्हणाले, नाही केली, म्हणून काढलं. यात लाज कसली? लाज त्यांनी वाटून घ्यावी."

राधिका उठून स्वयंपाकघरात गेली. मागोमाग मी गेले, तर ती ओट्याला धरून उभी. म्हणाली, "सुरेखाताई, आमच्या यांचंही तेच."

"तेच म्हणजे?"

"तेच. तोच मॅनेजर, तेच परमिट. यांनी नाही म्हटलं, यांना काढलं. मग लवाद, मग तडजोड. चांगलं पत्र दिलं, स्वतःहून गेले असं लिहिलेलं, आणि त्याबदल्यात यांनी तोंड उघडायचं नाही. कन्सल्टन्सी वगैरे काही नव्हती हो. लोक विचारतील म्हणून सत्यनारायण घातला."

जान्हवी दारात उभी राहून ऐकत होती. मला वाटलं आता ही हिच्या झिंज्या उपटणार. पण तिने इतकंच विचारलं, "मग त्या दिवशी, चहा घेऊन आला होतात तेव्हा?"

"तेव्हा मी तिथेच उभी होते," राधिका म्हणाली. "यांनी नाही म्हटलं, मला वाटलं आता मी बोलू का. मग वाटलं, झाकली मूठ आहे ती राहू दे. आपल्या घरातलं आपण बाहेर कशाला. यांना अट होती हो. पण मला कुठे होती? माझी सही कुणी घेतली होती?"

मला तिचा संताप आला आणि कीवही आली, आणि दोन्ही एकदम आल्यावर माणसाने काय करायचं असतं ते मला माहीत नाही. मी गॅस बंद केला, कारण पाक करपत होता. त्या कंपनीने दोन पुरुषांच्या तोंडाला कुलूप घातलं, ते पैसेवाल्यांचं कामच आहे. पण आम्ही बायका? आम्ही वर्षभर वड्या थापल्या, डबे दिले, घेतले, एकमेकींच्या पोरांना ताप आला तर रात्री जागलो, आणि नवऱ्याची नोकरी गेली एवढं एक वाक्य एकमेकींना सांगितलं नाही. आमच्या तोंडाला कोणी हात लावला नव्हता. राधिकाचं ते एक वाक्य लवादापुढे गेलं असतं तर प्रफुल्ल एकटा ठरला नसता. पण तोवर निकाल लागून गेला होता, आणि त्या निकालावर पुढे कुठे जायची सोय त्या करारात ठेवलेली नव्हती.

जान्हवीने घरी जाऊन त्याला सांगितलं. तो चिडेल असं तिला वाटलं होतं. तो खूप वेळ बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालत राहिला आणि मग म्हणाला, "त्याने शब्द दिला होता. तो पाळला. मी त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं?" दुसऱ्या दिवशी भेटला तेव्हा मी त्याला म्हटलं, सांगितलं असतंस. तेव्हापासून सकाळी वसाहतीलगतच्या कालव्याकाठी शिरीष या बाजूने चालतो आणि प्रफुल्ल त्या बाजूने. मध्ये पाणी. भांडण नाही, बोलणंही नाही. शिरीष खूप वाळलाय.

आणि मग गेल्या रविवारी दुपारी गार्गी आली.

गार्गी नाशिकची, तिशीच्या आतली, प्रफुल्लच्या जागेवर त्याच्यानंतर लागलेली. मी कोथिंबिरीच्या वड्या द्यायला गेले होते आणि बसले होते. पोरगी सोफ्याच्या टोकाशी बसली, पाणीसुद्धा घेईना. म्हणाली, "सर, मला गेल्या आठवड्यात काढलं. परमिटवर सही केली नाही म्हणून. लिहिलंय मात्र वेगळंच. इथला नोकरीचा पास रद्द केला, महिनाभरात भारतात परत जायचंय. साइटवरचे सुपरवायझर म्हणाले, तुझ्याआधी रामटेके साहेब होते, तेही सही करायचे नाहीत." मग तिने मान वर केली. "सर, तुमच्याबरोबर असं काही झालं होतं का?"

मी प्रफुल्लकडे पाहिलं. जान्हवीनेही पाहिलं. तो भिंतीकडे बघत होता.

"नाही गं," तो म्हणाला. "असं काही नाही."

शिरीषने म्हटलं होतं तसंच. शब्दसुद्धा तेच. त्याला स्वतःलाही ते ऐकू आलं असणार, कारण तो लगेच उठला, म्हणाला, "दूध संपलंय, मी घेऊन येतो," आणि चपला सरकवून निघून गेला. फ्रिजमध्ये दुधाचे दोन डबे होते, मी वड्या ठेवताना बघितले होते.

गार्गी खाली बघत राहिली. जान्हवी, काय करावं न सुचून माणूस जे करतं तेच करायला उठली. स्वयंपाकघरात गेली, आधण ठेवलं, कपांचा आवाज आला. मग कपांचा आवाज थांबला. गॅस बंद केल्याची टिक मला ऐकू आली. ती रिकाम्या हाताने बाहेर आली.

"चहा राहू दे," ती म्हणाली, आणि गार्गीच्या समोर खुर्ची ओढून बसली. "हे बघ, ह्यांना बोलता येत नाही. मी कुठेच सही नाही केली. महिन्याच्या आत तुला कुठे जायचंय ते आधी सांगते, तिथे उद्याच जा, एच. आर. काहीही म्हणो. मग आमचं काय झालं ते सांगते. आणखी एक घर आहे, त्या बाईंशी पण तुझी गाठ घालून देते, त्या कधीपासून वाट बघून राहिल्यात कोणी विचारतं का म्हणून. तू आधी नाव लिहून घे. प्रफुल्ल मधुकर रामटेके."

"जान्हवीताई, सरांना त्रास…"

"लिही तू. प्रफुल्ल मधुकर रामटेके!"

दुसऱ्या वेळेला तिचा आवाज चढला. आमच्या घरांच्या खिडक्या कॉरिडॉरवर उघडतात, आणि उकाड्याने जान्हवीकडची सताड उघडी होती. माझं तिथे आता काही काम नव्हतं. मी उठले.

बाहेर आले तर प्रफुल्ल माझ्या चपलांच्या कपाटाला टेकून उभा होता. हातात दुधाचा डबा, त्यावरून थेंब ओघळून त्याच्या पायावर पडत होते. म्हणजे तो केव्हाचा परत आला होता.

"ऐकलंस?" मी विचारलं.

त्याने मान हलवली. डोळे भरलेले होते, आणि ते लपवायचा त्याने काही प्रयत्न केला नाही.

"बाबा याच्यापेक्षा मोठ्याने करायचे," तो म्हणाला. आतलं बोलणं संपेपर्यंत तो तिथेच उभा राहिला.